मधल्या किमतीचे टायर

अमृतलालने चार आण्यांचे नाणे मागच्या टायरच्या खाचेत उभे धरले, आणि ते बोटांतून सुटून मातीत पडले. खाच उरलीच नव्हती. त्याने नाणे उचलून दुसऱ्या बाजूने पुन्हा धरून पाहिले. तिथे तर रबराखालचे सूत दिसू लागले होते, जुन्या धोतराचा काठ विरावा तसे.

नेरी नाक्यावरच्या आपल्या दुकानासमोर आधार मिस्त्री उभा होता. गिऱ्हाइकाने आधी आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, मग आपण बोलावे, ही त्याची रीत होती. पंधरा वर्षे फौजेच्या मालमोटारींची चाके चढवून-उतरवून तो जळगावला परतला होता. टायरच्या बाबतीत त्याचा शब्द नाक्यावरचे ट्रकवालेसुद्धा मानत.

"अमृतशेठ, या टायर आते काही कामना नही," तो शेवटी म्हणाला. "गावमा फिरा. धुळे जावानं व्हई ते बदलनाच पडतीन."

आणि जायचे तर धुळ्यालाच होते. तेही पाच दिवसांनी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, वैशाखाच्या उन्हात. गाडीत बसणार होत्या अमृतलालच्या आई, लाडकुंवरबाई.

लाडकुंवरबाईंचे वर्षीतप चालले होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी जेवण, पुन्हा उपवास. त्या वर्षी मध्ये अधिक महिना आला, म्हणून तप लांबून चौदा महिन्यांचे झाले. उपवासाच्या दिवशी घ्यायचे ते फक्त उकळून निववलेले पाणी, आणि तेही सूर्य असेपर्यंतच. सूर्य मावळला की थेंबही नाही. आखाजीच्या सकाळी धुळ्याच्या जैन स्थानकात साध्वी महासतीजींसमोर मुलाच्या हातून उसाचा रस घ्यायचा, की पारणे झाले. बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत. गेल्याच आठवड्यात डॉक्टर त्यांना तपासून गेले होते आणि बाहेर ओसरीवर अमृतलालला म्हणाले होते, बाकी सगळे देवावर सोडा, पण उन्हात पाणी तेवढे कमी पडू देऊ नका. या वयात ते एक कमी पडले तर मग माझ्याही हातात काही नाही.

हे ऐकल्यापासून अमृतलालच्या जिवाला घोर लागला होता. बाई म्हणत होत्या, एसटीने जाऊ, सगळे जग जाते. त्याने ते उडवून लावले. एसटीत गर्दी, एसटीत लूची झळ, एसटी कुठे बंद पडेल नेम नाही. घरची गाडी असताना आईला एसटीत कोंबायचे म्हणजे काय?

घरची गाडी म्हणजे लाल हेराल्ड. बुटकी, दोन दारांची, नाक पुढे काढून उभी असलेली. भुसावळचा एक रेल्वेचा साहेब बदली होऊन निघाला तेव्हा अमृतलालने ती घेतली. आयुष्यात कुणालाही न विचारता केलेली त्याची ती एकच गोष्ट. डाळमिलवाल्याच्या अंगणात सर्कशीतली गाडी आली म्हणून बाजार आठ दिवस हसला. गाडी पळायला अशी की पाय नुसता टेकवावा. पण अमृतलालने काटा कधी तिसाच्या पुढे जाऊ दिला नव्हता. शर्यतीचा घोडा आणून टांग्याला जुंपला, असे लोक म्हणत, आणि ते काही खोटे नव्हते.

आधारने त्याच्यापुढे तीन रस्ते ठेवले. पहिला रस्ता सगळ्यांत स्वस्त, जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले. हिवाळ्यात ते झकास चालतात. पण खान्देशच्या वैशाखात डांबर तापले की वरचे रबर सालीसारखे सुटून येते. दुसरा रस्ता मुंबईहून येणाऱ्या भारी नायलॉनच्या टायरांचा. त्यांना नंबर लावावा लागे, आणि किंमत अशी की त्यात एक म्हैस आली असती. तिसरा मधला. नवेच, पण फारसे नाव नसलेल्या कारखान्याचे, साध्या घडणीचे. हेराल्डच्या तेरा इंची मापाचे चार आधारच्या माळ्यावर होते. गेल्या उन्हाळ्यात यातलेच दोन त्याने एका डॉक्टरच्या गाडीला बसवले होते आणि ते अजून चालत होते.

"मधलाच ल्या," आधार म्हणाला. "फक्त हवा पुरी ठेवा. गरम व्हयना म्हणीसन हवा सोडू नका. हवा कमी व्हयनी का टायर जास्ती तापस."

अमृतलालने मान डोलावली. उद्या सकाळी गाडी लावतो म्हणाला आणि घरी गेला.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण त्याला पाठ होती. अडचण एवढीच की मनाचे म्हणजे काय ते त्याला कधी उमगत नसे, म्हणून तो जनाचेच ऐकत राही. त्या संध्याकाळी त्याने मिलमधल्या मुकादमाला विचारले, शेजारच्या सराफाला विचारले, आणि बसस्थानकावर जाऊन एसटीच्या एका ड्रायव्हरला चहा पाजून विचारले. प्रत्येकाजवळ फुटलेल्या टायरची एकेक गोष्ट तयार होती. पारोळ्याच्या उतारावर कुणाची गाडी उलटली, बोदवडच्या रस्त्यावर कुणाचे वऱ्हाड भर दुपारी अडकले. सराफ म्हणाला, आईच्या बाबतीत मधले-बिधले कसले बघतोस, सगळ्यांत भारी घे. हे वाक्य अमृतलालच्या काळजात रुतून बसले. शिवाय तिघांचेही एका गोष्टीवर एकमत होते: उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, आणि जिथे थांबू तिथे टायरवर पाणी ओतावे. तिघे एकीकडे आणि आधार एकटा एकीकडे.

दुसऱ्या दिवशी त्याने आधारला सांगितले की भारीच मागवू. आधारने मुंबईला ट्रंककॉल लावून दिला. माल ट्रकने येतो, परवा पोचेल, असे उत्तर आले. परवा काही ट्रक आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी अमृतलाल तीन वेळा नाक्यावर जाऊन आला. तेव्हाही आला नाही. घरी सज्जनबाई, त्याची बायको, पुऱ्यांच्या पिठात तेल घालत होती. तिने मान वर न करता विचारले, "माळ्यावरच्या चारांना काय झालंय?"

"काही झालं नाही. पण बाईंना न्यायचंय."

"मिस्त्री चांगले म्हणतोय ना?"

मिस्त्री चांगले म्हणत होता हे खरेच होते; पण उद्या काही झाले, तर चार लोक विचारतील की अमृत, आईसाठी मधल्या किमतीचे घेतलेस? टायरपेक्षा त्याला त्या प्रश्नाचीच भीती जास्त होती.

निघायचे ठरले होते पहाटे पाचला. ट्रक सकाळी येतो असा निरोप होता, म्हणून अमृतलाल सहापासून नाक्यावर जाऊन बसला. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला त्याने आधारकडे पाहिले आणि आधार शिडी लावून माळ्यावर चढला. चारही मधले टायर चढवून, हवा भरून गाडी घरी आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते. पहाटेच्या गारव्यात जी वाट सरली असती ती आता जळत्या तव्यावरून जायची होती, आणि हे आपणच केले, हे अमृतलालला कळत होते.

तयारीत मात्र त्याने कसूर ठेवली नव्हती. दूधवाल्यांकडे असतात तसे कडीचे, झाकणाचे दोन नवे डबे त्याने बाजारातून आणले होते, दोन्ही अगदी सारखे. एकात नळाचे पाणी, इंजिनासाठी आणि टायरांसाठी. दुसऱ्यात सज्जनबाईने पहाटे उकळून, परातीत निववून भरलेले बाईंचे पाणी. ओळख राहावी म्हणून तिने बाईंच्या डब्याच्या गळ्याला पाणी गाळायचे पांढरे फडके बांधले. दोन्ही डबे पुढे, अमृतलालच्या शेजारच्या बैठकीखाली ठेवले. दोन दारांची गाडी, म्हणून पुढची बैठक दुमडून आधी बाई मागे बसल्या, मग सज्जनबाई. बाईंनी तोंडातल्या तोंडात नवकार म्हटला आणि डोळे मिटले.

एरंडोलपर्यंत तासभर लागला. नवे टायर रस्त्यावर छान गुणगुणत होते, पण अमृतलालला त्या गुणगुणण्यातही काहीतरी वेगळे ऐकू येई. त्याने काच खाली केली की भट्टीचे दार उघडल्यासारखी झळ आत येई. वर केली की जीव घुसमटे. एरंडोलच्या अलीकडे एका लिंबाखाली त्याने गाडी थांबवली, पुढची बैठक दुमडून मागच्यांना वारा मोकळा केला, आणि मागे जाऊन टायरला हात लावला. हात चटकन मागे आला. मग तो उकिडवा बसला, झडपेचे टोपण काढले आणि खिशातल्या किल्लीच्या टोकाने झडप दाबली. हवा फुसफुसत बाहेर आली. तिघांचे म्हणणे ते हेच. चारही चाकांची थोडी थोडी हवा त्याने सोडली, आणि नळाच्या पाण्याचा डबा काढून चारही टायरांवर पाणी शिंतडले. वाफ निघाली तेव्हा त्याला बरे वाटले. आपण काहीतरी करतो आहोत असे वाटले.

हे सगळे होईपर्यंत त्याचे लक्ष चाकांवरच होते. परत येऊन बसला तेव्हा सज्जनबाई पेला पुसून पिशवीत ठेवत होती. बाईंच्या तोंडावर ऊन येत होते, म्हणून पांढरे फडके तिने डब्यावरून सोडून खिडकीच्या काचेत अडकवले होते. गाडी निघाली.

पारोळा आले. किल्ल्याच्या बाजूने बाजारपेठेतून जाताना अमृतलालला वाटले, गाडी जड झाली आहे. वळणावर ती मागून डुलली. इथेच थांबावे का? इथे त्याच्या ओळखीची दोन घरे होती, सावली होती, माणसे होती. पण घड्याळात चार वाजले होते आणि धुळे अजून बावीस मैल होते. सूर्य मावळायच्या आत पोचायचे, एवढाच विचार करून तो थांबला नाही.

पारोळा मागे पडून सहा-सात मैल झाले असतील, तेव्हा जळक्या रबराचा वास आला. गाडी कडेला घेऊन अमृतलाल उतरला. उजवीकडे नांगरून टाकलेली काळी शेते, डावीकडे एक बाभूळ, आणि मध्ये एकही माणूस नाही. मागचा डावा टायर खाली बसल्यासारखा पसरला होता आणि त्याची बाजू इतकी तापली होती की जवळ हात नेला तरी धग लागत होती. आता फुटतो की मग, एवढेच त्याला दिसत होते. तो धावत पुढे आला, बैठकीखालचा हाताला आला तो डबा ओढला, झाकण फेकले आणि पाणी ओतले. आधी डाव्यावर, मग उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर. शेवटी डबा उपडा करून झटकला.

"अहो," सज्जनबाई म्हणाली.

ती एवढेच म्हणाली. उघड्या दारातून ती खाली पाहत होती. अमृतलालने तिच्या नजरेमागे पाहिले. बैठकीखाली दुसरा डबा तसाच होता, अर्धा भरलेला, आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर एरंडोलच्या धुळीचे ओघळ वाळले होते. हातातला डबा स्वच्छ होता. खिडकीतले पांढरे फडके गरम वाऱ्यावर हलत होते.

रस्त्यावर सांडलेले पाणी तेवढ्यात वाळूनही गेले.

अमृतलालने घड्याळ पाहिले. साडेचार वाजले होते. अर्ध्या डब्यात कच्चे पाणी होते, आणि बाई जीव गेला तरी ते ओठाला लावणार नव्हत्या. डॉक्टरांचे ओसरीवरचे शब्द त्याच्या कानात जसेच्या तसे वाजले. चौदा महिन्यांचे तप शेवटच्या दिवसाला आले होते, आणि आईच्या वाटचे पाणी त्याने रबराला पाजले होते.

"बाई, पाणी…" तो म्हणाला.

लाडकुंवरबाईंनी डोळे उघडले होते. कधीपासून, ते त्याला ठाऊक नव्हते.

"पारोळ्याला परत जाऊ," तो घाईघाईने बोलू लागला. "तिथे आपली घरं आहेत. ते पाणी उकळून देतील, निववून देतील, तासाभरात होईल. दिवस आहे अजून." बोलताना त्याचे लक्ष पुन्हा त्या टायरकडे गेले. या चाकावर परत सहा-सात मैल, मग तिथून पुन्हा बावीस. त्याने रिकामा डबा पुन्हा एकदा उपडा करून पाहिला.

"कशाला?" बाई म्हणाल्या. "मी आज सकाळीच चौविहार घेतलाय. शेवटचा उपवास आहे, म्हटलं पाण्यावाचून करू. मला आज पाणी चालतच नाही."

सकाळी अमृतलाल नाक्यावर होता. घरी कुणी कसल्या नेमाचे पच्चक्खाण घेतले, त्याला कुठले ठाऊक असायला?

"मग हा डबा कशाला भरला?"

"सज्जनला सांगायचं राहून गेलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी परत डोळे मिटले. हात मात्र त्यांनी जोडले होते, आणि ओठ बराच वेळ हलत होते.

सज्जनबाईने पिशवीतून पेला काढला होता. तो तिने पुन्हा आत ठेवला, पिशवीची नाडी ओढली आणि पदर पुढे घेतला.

अमृतलालच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि स्वतःशीच हसला देखील. नशीब पाहा, म्हणे चौविहार! अर्धा डबा इंजिनात ओतून त्याने गाडी काढली आणि सायकलवाल्याच्या वेगाने, टायर थोडा निवू देत, धुळे गाठले. वाटेत तो दोनदा म्हणाला की देवच पाठीशी होता. मागून कुणी हुंकारही दिला नाही, पण दोघी थकल्या असतील असे त्याने मनाला सांगितले.

धुळ्याच्या वेशीवर पेट्रोलपंपावर हवा भरणाऱ्या माणसाने माप लावून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"शेठ, हवा निम्मीच शे. टायर चांगला शेतस म्हणीसन वाचनात."

अमृतलालला आधार मिस्त्रीचा चेहरा आठवला. त्याने हवा पुरी भरून घेतली. टायरवर ओरखडा नव्हता. मधल्या किमतीच्या त्या चौघांनी आपले काम चोख केले होते, आणि ते बिघडवायला जे जे करता येईल ते त्याने जातीने केले होते. हे त्याला कळले, आणि ते कुणालाही सांगायचे नाही असे त्याने ठरवले.

स्थानकाच्या आवारात मांडव घातला होता. सूर्य अजून हातभर वर होता. पारण्याला आलेल्या वीस-पंचवीस तपस्विनी ओळीने बसल्या होत्या, आणि एक बाई मोठ्या कळशीतून प्रत्येकीला दिवसाचे शेवटचे पाणी देत होती. कुणी पेलाभर पीत होती, कुणी दोन. लाडकुंवरबाईंपुढे कळशी आली तेव्हा त्यांची नजर क्षणभर त्या धारेवर गेली आणि परत मांडीवर आली. त्यांनी हाताने नको म्हटले.

"आजी, घ्या हो, आता सकाळपर्यंत नाही मिळायचं," वाढणारी म्हणाली.

"त्यांचा आज चौविहार आहे," अमृतलालने मागून सांगितले. त्याच्या आवाजात अभिमान होता. वाढणाऱ्या बाईने लाडकुंवरबाईंना वाकून नमस्कार केला आणि ती पुढे गेली. सज्जनबाई उठली आणि काही कामाचे निमित्त करून मांडवाबाहेर निघून गेली.

सकाळी बाईंना एकटीला उठता आले नाही. ओठ सुकून एकमेकांना चिकटले होते आणि जिभेने ते सोडवायलाही ओल नव्हती. हात थंड होते. स्थानकातल्या एका वैद्यांनी नाडी पाहिली, बराच वेळ धरून ठेवली आणि म्हणाले, रस लवकर द्या. अमृतलालने एका बाजूने आणि सज्जनबाईने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना महासतीजींच्या पाटासमोर नेले. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. कुणीतरी उसाच्या रसाने भरलेला चांदीचा छोटा घडा अमृतलालच्या हातात दिला. याच घटकेसाठी त्याने पाच दिवस जिवाचे रान केले होते. त्याने घडा बाईंच्या ओंजळीवर तिरपा केला.

"थांब," लाडकुंवरबाई म्हणाल्या. आवाज कसाबसा उमटला. त्यांनी ओंजळ मिटून हात जोडले आणि पाटावरच्या महासतीजींकडे पाहिले. "आधी मला आलोयणा घ्यायची आहे."

केलेला दोष गुरूंपुढे बोलून त्याचे प्रायश्चित्त मागायचे, ती आलोयणा. लोक ती एकांतात घेतात. महासतीजी जरा पुढे झुकल्या. "बोला."

"काल रस्त्यात मी खोटं बोलले. माझा उपवास पाण्याचा होता. एरंडोलला मी दोन पेले पाणी घेतलंय. चौविहार घेतला तो नंतर, पारोळ्याच्या पुढे, गाडीत बसल्या बसल्या. आणि सांगितलं मात्र की सकाळीच घेतला."

"का सांगितलं?"

शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे बाईंनी पाहिले नाही.

"पोरगा फार घाबरला होता," त्या म्हणाल्या.

अमृतलालला पिशवीत परत गेलेला पेला आठवला. पदराआड गेलेला सज्जनबाईचा चेहरा आठवला. आणि कळशीच्या धारेवर क्षणभर थांबलेली ती नजर, जिच्या मागून तो मोठ्या आवाजात बोलला होता, ती त्याला आता दिसली.

महासतीजी म्हणाल्या, "एक उपवास. जमेल तेव्हा करा."

"उद्याच करते. सवय आहे," लाडकुंवरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

अमृतलालचा हात इतका कापत होता की रस ओंजळीत नीट पडेना. बाईंनी एक हात सोडवून घड्याच्या बुडाला लावला आणि तो धरून ठेवला. लहानपणी त्याला लिहायला शिकवताना त्या असाच हात धरत. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. मांडवात कुणीतरी जयजयकार केला, बायकांनी गाणे धरले, आणि चौदा महिन्यांचे तप पुरे झाले. बाईंच्या ओठांवर हळूहळू रंग आला. वैद्यांनी पुन्हा नाडी धरली आणि मान हलवली.

पुढची तपस्विनी पाटाकडे सरकू लागली, तरी अमृतलाल जागचा हलेना. संवत्सरीचा वर्षातला एकुलता एक उपवास तो पंख्याखाली झोपून काढत असे, आणि दुपारी चारला कासावीस होऊन दर दहा मिनिटांनी पाणी मागत असे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यावरून त्याची चेष्टाही होत असे. त्याने घडा सज्जनबाईच्या हातात दिला, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"उद्याचं पच्चक्खाण मलाही द्या," तो महासतीजींना म्हणाला.

लाडकुंवरबाईंनी मान वर केली. कालच्या सगळ्या दिवसात जी दिसली नव्हती ती काळजी आता त्यांच्या डोळ्यांत आली.

"अमृत, उद्या गाडी चालवायची आहे. ऊन आहे."

तो त्यांच्याकडे पाहून हसला.

"पाण्याचा, की चौविहार?" महासतीजींनी विचारले.

"चौविहार. बाईंनी काल केला तो," अमृतलाल म्हणाला.